ॲबट्सफर्डच्या पावसात चार झाडं: छपराच्या नोंदी

२८ एप्रिल

मागच्या अंगणात, कुंपणाच्या आत, दक्षिणेकडून ऊन येणारी चार मीटर बाय अडीच मीटर जागा मोकळी केली. यंदा गांजाची चार झाडं उघड्यावर वाढवायची आणि पावसाळी शरदातून ती बुरशीशिवाय पार न्यायची, एवढंच काम आहे. पण ते 'एवढंच' इथे सोपं नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरअखेरच्या पावसात आमच्या गल्लीतल्या बहुतेकांचे तुरे, म्हणजे फुलांचे घोस, आतून काळे पडले. वरून हिरवेगार, हातात घेतले की आत चिखल.

आधी कायद्याचं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला घरी झाडं लावता येतात, पण मोजणी माणशी होत नाही, घरटी होते: एका घराला चार. झाडं सार्वजनिक जागेतून दिसता कामा नयेत. देशाचा कायदा १७ ऑक्टोबर २०१८ ला लागू झाला, तरी प्रांताप्रांतात फरक आहे. क्वेबेकमध्ये घरी एकही झाड चालत नाही, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी उचलून धरली. भारतात राहणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावं की तिथे एनडीपीएस कायदा, १९८५ प्रमाणे परवानगीशिवाय ही लागवड गुन्हा आहे. त्यांना या नोंदींतून घेण्यासारखं आहे ते छपराचं आणि ओलीचं गणित. ते द्राक्षाला, टोमॅटोला, शेवंतीलाही तेच.

अडचण पंचांगाची आहे. इथे वर्षाला सुमारे १५०० मिलिमीटर पाऊस होतो, पण जुलै-ऑगस्ट जवळपास कोरडे जातात. सप्टेंबर सरता सरता पाऊस परततो आणि नोव्हेंबरात कळस गाठतो. गांजाचं झाड दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतं. ४९ अक्षांशावर ते ऑगस्टात येतं आणि तुरे पिकायला ऑक्टोबर उजाडतो. म्हणजे झाड सगळ्यात नाजूक असतं तेव्हाच आभाळ फाटतं.

१७ मे

जमीन चिकण आहे, पाणी धरून बसते. म्हणून चार गादीवाफे केले, जमिनीपासून दीड वीत उंच. कंपोस्ट, पर्लाइट आणि थोडी जाड वाळू. कापडी कुंड्यांचाही विचार केला होता, कारण पाऊस आला की त्या आत उचलून नेता येतात असं सगळे म्हणतात. पण साठ लिटरची ओली कुंडी आणि वर माणसाएवढं झाड एकट्या बाईला हलत नाही, आणि हलवताना फांद्या मोडतात. छप्पर झाडाकडे न्यायचं, झाड छपराकडे नाही.

जातींची निवड हे अर्धं काम आहे. एक झाड ऑटोचं, म्हणजे दिवसाच्या लांबीची वाट न पाहता वयावर फुलणारं. बी रुजल्यापासून दहा-अकरा आठवड्यांत ते संपतं, तेव्हा पाऊस लागायच्या आत निघेल. दोन झाडं लवकर पिकणाऱ्या, मोकळ्या तुऱ्याच्या जातीची. चौथं मुद्दाम उशिराचं, दगडासारख्या घट्ट तुऱ्याचं घेतलं. दुकानात घट्ट तुऱ्यालाच मान आहे, आणि कूजही पहिल्यांदा तिथेच लागते. शेजारी शेजारी ठेवून पाहायचं आहे.

८ जून

संध्याकाळी आबांना निफाडला फोन केला. तिकडे सकाळ, ते बागेतच होते. आमची द्राक्षबाग त्यांनी केवडा आणि भुरी या रोगांशी झुंजत सांभाळली आहे. अलीकडे काही प्लॉटवर त्यांनी प्लास्टिकचं आच्छादनही घातलंय. मी कोणत्या झाडासाठी विचारतेय ते सांगितल्यावर क्षणभर गप्प बसले. मग "तिथे चालतं ना कायद्याने?" एवढंच विचारलं, आणि थेट कामाचं बोलायला लागले.

"आबा, वरून कागद टाकला की झालं ना?"

"कागद कुणीही टाकतं गं. वारं कुठून येणार ते आधी सांग."

नंतर बराच वेळ ते त्यावरच बोलत राहिले. कागदाखाली पाऊस लागत नाही म्हणून केवडा कमी होतो, फवारण्या वाचतात. पण हवा कोंडली की उकाडा वाढतो, भुरी वाढते, फुलकिडे वाढतात. ऊनही घटतं. त्यामुळे मांडव आणि कागद यांच्यात अंतर हवं, बाजू उघड्या हव्यात, कागदाला उतार हवा. त्यांचं म्हणणं माझ्या आराखड्याचा पाया झालं: हे पाऊस अडवणारं छप्पर असेल, पण हरितगृह होऊ द्यायचं नाही.

आराखडा असा. चार कोपऱ्यांना आणि मध्ये दोन असे सीडरचे खांब, पुढे २.७ मीटर, मागे २.१ मीटर. उतार पश्चिमेकडे, कारण उशिराच्या पावसाचा वारा इथे बहुतेक दक्षिण-पूर्वेकडून येतो आणि पाणी त्याच्या विरुद्ध बाजूला पडायला हवं. छपराची कड झाडांच्या पुढे हातभर. चारही बाजू उघड्या. फक्त दक्षिण-पूर्वेला गुंडाळून ठेवता येईल असा पडदा, तोही जमिनीपासून गुडघाभर वर थांबणारा. पन्हळीचं पाणी पिंपात, वाफ्यांपासून लांब.

छपरासाठी दोन वस्तू वापरणार आहे. अर्ध्यावर सहा मिलिमीटरचा दुपदरी पॉलिकार्बोनेट पत्रा, अर्ध्यावर हरितगृहाचा साधा पॉलिथिन कागद, उन्हाने न कुजणारा. पत्रा महाग आहे. फरक पडतो का हे बघितल्याशिवाय कुणाला सांगणार नाही.

२९ जून

खांब रोवले, वरचा सांगाडा बसला. छप्पर अजून नाही. कोरड्या महिन्यांत सावली कशाला?

२० जुलै

झाडं कमरेच्या वर गेली. शेंडे खुडले, फांद्या बाहेरच्या बाजूला वाकवून आडव्या जाळीवर पसरवल्या. एकच उंच, जाड तुरा येण्यापेक्षा बरेच मध्यम तुरे यावेत. जाड तुऱ्याच्या पोटात शिरलेलं पाणी दिवसभर सुकत नाही. खालच्या, ऊन न मिळणाऱ्या फांद्या काढून टाकल्या, बुडाशी हातभर मोकळी जागा केली. वारा खालून शिरावा म्हणून.

आतली पानं विरळ करताना आबांची विरळणी आठवत होती. द्राक्षाच्या घडात मणी मोकळे ठेवायचे ते याच कारणाने.

शेजारचे पंजाबी अंकल ब्लूबेरी करतात. त्यांनी कुंपणावरून पाहिलं आणि सांगितलं की रास्पबेरीवाल्यांनाही तुरे कुजवणारी हीच करडी बुरशी छळते. ही दरी एकेकाळी हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या, मळ्यांसाठी ओळखली जायची, चिलिवॅककडे ते दूरवर पसरलेले असत. हॉप आणि गांजा एकाच कुळातले.

१४ ऑगस्ट

ऑटोचं झाड कापलं. एक थेंब पाऊस न लागता. ज्याला छपराचा खर्च आणि खटपट नको, त्याने या भागात फक्त ऑटो लावावं, हे मी आत्ताच लिहून ठेवते. उत्पन्न कमी येतं, पण येतं ते निरोगी.

बाकीच्या तिघांना फुलोरा सुरू झालाय. वणव्यांचा धूर खोऱ्यात भरून राहिलाय, आकाश तांबूस. पानांवर राखेची बारीक धूळ. सकाळी हलक्या फवाऱ्याने धुतली, दुपारपर्यंत सुकली. तुरे भरल्यावर असं धुता येणार नाही.

उशिराच्या झाडाच्या दोन पानांवर पांढरे ठिपके दिसले: भुरी. पानं काढली, पोटॅशियम बायकार्बोनेटची एक फवारणी घेतली. भुरीला पानावर साचलेलं पाणी लागत नाही, दमट हवा पुरते. उलट पावसाने तिचे बीजाणू धुतले जातात. म्हणजे छप्पर करड्या बुरशीला आवरतं आणि भुरीला आसरा देतं. दोन्हींवर एकच उपाय उरतो, तो वारा. म्हणून बाजूला पडदे लावून 'उबदार' करण्याचा मोह टाळायचा.

२ सप्टेंबर

छप्पर चढलं. पॉलिकार्बोनेटच्या बाजूला उशिराचं झाड आणि लवकरचं एक, कागदाखाली लवकरचं दुसरं. कागद ताणून बसवला, कुठेही पोट सुटू दिलं नाही. पोट सुटलं की पाणी साचतं, आणि आतून जमलेलं बाष्प नेमकं त्याच जागी थेंब धरून खाली टपकतं. उतार पुरेसा असला की थेंब कागदाच्या आतल्या अंगाने घसरत कडेला जातो.

तापमान आणि आर्द्रता मोजणारी तीन छोटी यंत्रं टांगली: एक पत्र्याखाली तुऱ्यांच्या उंचीवर, एक कागदाखाली, एक कुंपणाला उघड्यावर.

११ सप्टेंबर

आजची नोंद लांबणार, कारण या सगळ्या खटाटोपातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं आज पहाटे दिसलं.

गेले कित्येक दिवस पाऊस नाही. रात्री स्वच्छ, चांदण्या दिसतात. लोक अशा रात्री निर्धास्त झोपतात. पहाटे बॅटरी घेऊन गेले तर कुंपणाजवळचं गवत चिंब, कागदाखालच्या झाडाची वरची पानं ओली, आणि पत्र्याखालची दोन्ही झाडं हाताला कोरडी. यंत्रांवरची हवेची आर्द्रता तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारखी.

कारण असं. निरभ्र रात्री पान आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतं. हवा दवबिंदूपर्यंत उतरलेली नसली तरी पान उतरतं, आणि त्याच्यावर दव धरतं. डोक्यावर या उष्णतेला अडवणारं काही असलं की पान तितकं थंड होत नाही. पॉलिकार्बोनेट ती उष्णता अडवतं. साधं पॉलिथिन मात्र उन्हासारखीच तीही बऱ्याच अंशी आरपार जाऊ देतं. दोन्ही छपरं पाऊस सारखाच अडवतात, दव सारखं अडवत नाहीत.

करड्या बुरशीला, म्हणजे बोट्रायटिसला, पाऊस हवा असतो असं नाही. तिला हवे असतात ओलीचे सलग तास. बीजाणू हवेत बाराही महिने असतात, तुऱ्यावर येऊन बसलेलेच असतात. वीस अंशांच्या आसपास ती सर्वांत जोमात असते, पण सात-आठ अंशांतही थांबत नाही. दुपारची एक सर आली आणि तासाभरात वाऱ्याने झाड सुकलं, तर तिला रुजायला वेळ मिळत नाही. रात्री नऊपासून सकाळी दहापर्यंत दवाने भिजलेला तुरा मात्र तिच्यासाठी अंथरूण घालून ठेवल्यासारखा. म्हणून मी आता पावसाचे मिलिमीटर मोजत नाही, झाड किती तास ओलं राहिलं ते लिहिते.

कागदाच्या बाजूला आज एक पंखा लावला, बाहेर वापरायचा, गळती झाल्यास आपोआप बंद होणाऱ्या सॉकेटवर. तोंड झाडांवर न ठेवता तुऱ्यांच्या थोडं वरून. रात्री दहा ते सकाळी नऊ चालवायचा. हलती हवा पानाला भोवतालच्या तापमानाजवळ ठेवते, त्यामुळे दव उशिरा धरतं आणि लवकर उडतं.

१९ सप्टेंबर

पहिला खरा पाऊस. दक्षिण-पूर्वेचा पडदा सोडला, बाकी उघडं. थेंब आडवे येऊन कडेच्या फांद्या भिजल्याच, ते गृहीत होतं.

पाऊस थांबल्यावर प्रत्येक झाडाचं खोड धरून हलक्या हाताने हलवलं, मग पाचोळा उडवायच्या यंत्राने दूरवरून, मंद वेगावर वारा मारला. आपल्याच प्रांतात, ओकानागनमध्ये चेरीचे बागायतदार पिकलेल्या फळांवरचं पावसाचं पाणी उडवायला भाड्याची हेलिकॉप्टर आणतात. चेरी त्या पाण्याने तडकते. चार झाडांना पाचोळ्याचं यंत्र पुरे, विचार तोच.

यंत्र जवळून मारू नये. तुऱ्यावरची राळेची बारीक बोंडं झडतात, आणि कुठे कूज असेल तर तिचे बीजाणू सगळीकडे उडतात. आधी नीट पाहणी, मग वारा.

२७ सप्टेंबर

कूज सापडली. उशिराच्या झाडावर, सर्वांत जाड तुऱ्यात, जिथे अपेक्षित होती तिथेच.

ती ओळखायची कशी हे नीट लिहिते. करडी लव दिसायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो. आधी तुऱ्यातलं एकच छोटं पान, आजूबाजूची हिरवी असताना, पिवळं पडून मलूल होतं. ते चिमटीत धरून ओढलं तर अलगद हातात येतं. निरोगी पान असं येत नाही, तुटतं. पान आलं की तुरा तिथे उकलून बघायचा. आत देठ तपकिरी, ओलसर, बोटाला बुळबुळीत. रोग आत देठापाशी सुरू होतो आणि बाहेर येतो, म्हणून बाहेरून तुरा सुंदर दिसतो.

उकलल्यावर आत अळीची विष्ठा सापडली, काळे दाणे. अळीने पोखरलेली जागा बुरशीला दार उघडून देते. ऑगस्टात बीटीची, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूची, फवारणी घेतली होती, तरी एक आत राहिली.

कुजलेल्या भागाच्या खाली चार बोटं निरोगी देठासकट कापलं. कापण्याआधी त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली, म्हणजे बीजाणू झडून खालच्या तुऱ्यांवर पडत नाहीत. प्रत्येक कापानंतर कात्री आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. पिशवी बांधून थेट कचऱ्यात, कंपोस्टमध्ये अजिबात नाही. 'बाजूचा भाग चांगला दिसतोय, वाळवून वापरू' असं कुणी म्हणत असेल तर त्याला मनापासून विनंती: वापरू नका. बुरशी लागलेलं द्रव्य ओढलं की बीजाणू फुफ्फुसात जातात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो.

आपल्याच प्रांतात, बर्नबीच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात झमीर पुंजा आणि त्यांचे सहकारी गांजावरच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करतात. त्यांच्या कामामुळे हा विषय ऐकीव गोष्टींतून बाहेर आलाय. घरी लावणाऱ्यांनी तो वाचायला हवा.

आता फवारणी नाही. भरल्या तुऱ्यावर काहीही मारलं तरी ते तुऱ्यातच राहतं. फक्त पाहणी, सकाळ-संध्याकाळ.

४ ऑक्टोबर

हवामान खात्याचा इशारा आलाय: उद्या रात्रीपासून वातावरणीय नदी, म्हणजे प्रशांत महासागरावरून येणारा बाष्पाचा लांब पट्टा. या भागात हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अशाच पट्ट्याने सुमास प्रेअरी ही इथली सखल शेतजमीन पाण्याखाली गेली होती, महामार्ग तुटले होते. उद्याचा तसा नाही, पण पाठोपाठ दमट, बिनवाऱ्याचे दिवस आहेत.

भिंगाखाली राळेची बोंडं पाहिली. लवकरच्या दोन्ही झाडांवर बहुतेक दुधाळ झालीत, थोडी सोनेरी. ती आज पूर्ण कापली. उशिराच्या झाडावर अजून बरीच काचेसारखी पारदर्शक आहेत, म्हणजे आणखी काही दिवस हवे होते. पण पावसात ते दिवस मिळणार नाहीत. थोडा कच्चा पण स्वच्छ तुरा घरात येणं केव्हाही चांगलं. त्याचे वरचे जाड तुरे कापले, खालचे लहान, मोकळे तुरे पत्र्याखाली ठेवले. दमट हवेत तेच तग धरतील.

झाडं कापली ती दुपारी, दव आणि सर दोन्ही सुकल्यावर. ओलं झाड घरात आणणं म्हणजे बुरशीला वाळवणीच्या खोलीत नेऊन सोडणं.

आबांना फोटो पाठवला. त्यांची द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू आहे, तेही आभाळाकडे बघत बसलेत. "काढलंस ते बरं केलंस. मोह करू नये," म्हणाले, आणि मग परतीच्या पावसाला शिव्या घातल्या.

६ ऑक्टोबर

बाहेर धो-धो. वाळवण तळघरातल्या खोलीत. १७ ते १८ अंश तापमान, ५५ ते ६० टक्के आर्द्रता. त्यासाठी बाष्प शोषणारं यंत्र सतत चालू आहे, कारण बाहेरची हवा ९५ टक्क्यांवर आहे. फांद्या दोरीवर उलट्या, एकमेकींना न टेकता. पंखा भिंतीकडे तोंड करून, तुऱ्यांवर थेट नाही. बाहेरून भराभर वाळलं की आतली ओल कोंडून राहते आणि बरणीत बाहेर येते.

पत्र्याखालच्या उरलेल्या तुऱ्यांत आज कूज नाही. कागदाच्या बाजूला आता झाड नाही, पण तिथे टांगलेल्या कापडाच्या पट्टीवर पंखा बंद केल्यावर पहाटे ओल होती, पंखा चालू असताना नव्हती.

१३ ऑक्टोबर

उरलेले तुरे कापले. तीन ठिकाणी कूज, तिन्ही पडद्याला लागून असलेल्या फांद्यांवर, जिथे भिजलेला पडदा पानांना टेकत होता. पुढच्या वर्षी पडदा खांबाच्या बाहेरून लावायचा आणि झाडापासून हातभर लांब ठेवायचा.

२१ ऑक्टोबर

बारीक देठ आता वाकवला की कट्‌ आवाज करून मोडतो. तुरे काचेच्या बरण्यांत गेले, पाऊण भरेपर्यंतच. प्रत्येक बरणीत छोटा आर्द्रतामापक. आकडा ५८ ते ६२ च्या दरम्यान हवा. ६५ च्या वर गेला की झाकण उघडून तुरे पुन्हा कागदावर पसरायचे. एका बरणीत ६७ दाखवला, ती लगेच रिकामी केली. उशिराच्या झाडाचे जाड तुरे होते ते. हाताने कोरडे लागत होते, पण मधला देठ अजून ओला होता.

छपराचा कागद उतरवून पुसून, गुंडाळून ठेवला. पत्रा तसाच राहू दिला, त्याखाली आता लसणाची लागण करतेय.

पुढच्या हंगामासाठी ठरलेलं: घट्ट तुऱ्याची उशिराची जात बंद, तिच्या जागी आणखी एक ऑटो. छप्पर सगळं पॉलिकार्बोनेटचं. पत्रे आताच मागवते, हंगाम संपल्यावर ते स्वस्त मिळतात. पंखा ऑगस्टच्या मध्यापासून, पहिल्या दवाच्या आधी. आणि बीटी दोनदा, फुलोरा भरायच्या आत.

पंजाबी अंकलनी विचारलंय की रास्पबेरीच्या एका ओळीवर असं उघड्या बाजूंचं छप्पर करून बघू का. मार्चमध्ये खांब रोवायला जाईन.